पासवर्ड तुझा, बिलं त्याची

प्रश्न: ताई, मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्सला आहे. सोबतच्या सिनियर दादांनीच मला इथे चिकटवलं, बाबा ॲडमिट होते तेव्हा पाच हजार पण दिले, ते अजून द्यायचेत. माझा टॅलीचा पासवर्ड त्यांना माहितीये. गौरी जेवणाला मी रजेवर होते आणि त्या दिवशी माझ्या लॉगिनवरून पेटी कॅशच्या दोन एन्ट्र्या पडल्यात. मग जुनी व्हाउचर काढली तर एकाच स्टेशनरीवाल्याची तीन महिन्यांची बिलं, नंबर ओळीने ४१, ४२, ४३. कंपनीच्या गाडीने मुंबईला गेल्याचं पण बिल आहे, पण फास्टॅगच्या स्टेटमेंटला त्या दिवशी एकही टोल नाही. त्यांच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी आहे, घरी ओढाताण आहे, म्हणून बोलवत नाहीये. काय करू?
– कोंडीत सापडलेली

अगं, तीन महिन्यात त्या दुकानात दुसरं गिऱ्हाईकच फिरकलं नाही का? कोरं बिलबुक खिशात घेऊन फिरणाऱ्यांची हीच गंमत असते, तारखा बदलायचं लक्षात राहतं, नंबरचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

पण मला बिलांपेक्षा त्या गौरी जेवणाच्या दिवसाचं जास्त वाटतंय. दादांना स्वतःचा लॉगिन आहे ना? मग तो का नाही वापरला? मुलीची फी खरी असेल, ओढाताण पण खरी असेल, मी नाही म्हणत नाही, पण उद्या कोणी विचारलं तर नाव कोणाचं निघावं हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं आणि ते तुझं होतं. एवढं एकदा नीट डोक्यात घे म्हणजे "त्यांनी मला नोकरी लावली" हे जे तुझ्या मानेवर बसलंय ते जरा उतरेल.

आज ऑफिसला गेलीस की पहिलं काम, पासवर्ड बदल. ते विचारतीलच, "काय गं, लॉगिन होत नाहीये", तेव्हा ऑडिटरने सांगितलं, आयटीने सांगितलं असलं काही फेकू नकोस, ते लगेच जाऊन विचारतील आणि खोटी तूच पडशील. "दादा, आता पासवर्ड कोणालाच देणार नाहीये", बास, पुढे कारण द्यायचं नाही. तोंड वाकडं करतील, करू देत.

आणि त्या दोन एन्ट्र्यांना हात लावू नकोस. घाबरून डिलीट करशील म्हणून सांगतेय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही, टॅलीत एडिट लॉग म्हणतात तो हाच. तू आत्ता काही बदललंस तर तो बदल पण तुझ्याच नावावर चढणार. उलट तो लॉग तुझ्याच कामाचा आहे, कारण त्या दिवशी तू रजेवर होतीस हे एचआरच्या रेकॉर्डला आहे, तुझं पंचिंग नाहीये आणि एन्ट्री मात्र तुझ्या नावाने आहे, याहून सरळ पुरावा कुठला मिळणार! व्हाउचर नंबर, तारीख, रक्कम एका कागदावर उतरवून काढ. फोटो काढून स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, कंपनीचे कागद बाहेर नेले म्हणून उलटं तुझ्यावरच शेकायचं.

मग हा कागद घेऊन जायचं ते फायनान्सच्या साहेबांकडे, एकटीने, केबिनमध्ये. दादांना आधी सांगू का असं तुझ्या मनात येणारच, तर नको. तू सांगितलंस की संध्याकाळपर्यंत ती बिलं फाईलमधून गायब. आणि साहेबांसमोर "दादा चोर आहेत" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, तो निवाडा त्यांना करू दे. "सर, मी रजेवर असताना माझ्या लॉगिनवरून एन्ट्री झालीये, ही तीन बिलं ओळीने आहेत, बघून घ्या." पासवर्ड शेअर केला होता हे पण तूच सांग, थोडं ऐकून घ्यावं लागेल, पण दुसऱ्याकडून कळलं तर जास्त ऐकावं लागेल. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, म्हणजे सांगितल्याची तारीख राहते.

जेवणाच्या टेबलावर, कंपनीच्या बसमध्ये, ग्रुपवर एक शब्द नाही हां. ज्याला कारवाईचा अधिकार आहे त्याला सद्‌हेतूने सांगणं वेगळं आणि ग्रुपवर टाकणं वेगळं, बदनामीच्या कायद्यात पण हा फरक धरलाय.

साहेबच त्यात सामील असतील किंवा "जाऊ दे गं" म्हणाले तर? लिस्टेड कंपन्यांना आणि बँकांचं ५० कोटींच्या वर कर्ज असलेल्यांना तक्रारीची वेगळी सोय ठेवावीच लागते, तुमच्याकडे आहे का बघ. नसेल तर डायरेक्टरला मेल कर. तिथेही काही हललं नाही तर मात्र शांतपणे बायोडाटा बाहेर काढ. चाकण, पिंपरी, हिंजवडी सगळीकडे अकाउंट्सची माणसं लागतातच, अनुभवाचं पत्र हातात पडेपर्यंत भांडू नकोस एवढंच.

आणि ते पाच हजार. साहेबांकडे जायच्या आधी परत कर, कोणाकडून उसने घ्यावे लागले तरी चालेल. नाहीतर "पैसे मागितले म्हणून माझ्यावर आळ घेतेय" हे ते नक्की म्हणणार. गूगल पे ने पाठव, कॅश नको, आणि खाली लिही, "बाबांच्या वेळचे".