वाचकांचे प्रश्न : पॅरिसचं साक्रे-कर चर्च

प्रश्न : माँमार्त्रच्या टेकडीवरचं साक्रे-कर बघायचं आहे. सोबत आई असेल, तिचे गुडघे दुखतात. फ्युनिक्युलर थेट चर्चच्या दारात नेते का?

उत्तर : नाही, आणि इथेच अनेकांची फसगत होते. रुळांवरून तिरकी चढणारी ही लिफ्ट शेजारच्या २२२ पायऱ्या वाचवते आणि दीडेक मिनिटात वर सोडते. पण वरच्या स्थानकापासून चर्चच्या अंगणापर्यंत पायऱ्या आहेतच, आणि अंगणातून दारापर्यंत पुन्हा थोड्या. आईंना टॅक्सीने चर्चच्या मागच्या शेव्हालिए द ला बार रस्त्यावर उतरवा. चढता न येणाऱ्यांसाठीचं लिफ्टचं दार तिथे आहे.

मेट्रोनेच जाणार असाल तर २ नंबरच्या मार्गावर आन्वेरला उतरा. आबेस स्टेशनही जवळच आहे, पण ते जमिनीखाली ३६ मीटर, पॅरिसमधलं सर्वांत खोल. तिथे लिफ्ट आहे. ती बंद असली की गोल जिना चढत बसायचं, आणि टेकडी अजून पुढेच!

प्रश्न : चर्चच्या पायऱ्यांवरून आयफेल टॉवरचा फोटो मिळेल ना?

उत्तर : पायऱ्यांवरून नाही. चर्चचं तोंड दक्षिणेला, टॉवर नैऋत्येला. मध्ये झाडं आणि घरं येतात. चर्चकडे पाठ करून उजवीकडे आझाइस रस्त्याच्या कठड्यापाशी जा, तिथे फांद्यांच्या फटीतून तो दिसतो. पानगळीनंतर जास्त चांगला.

आडकाठीशिवाय हवा असेल तर घुमट. त्याचं तिकीट वेगळं (चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे), वाट बाहेरून, चर्चकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला. सुमारे ३०० पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि गोल. मध्येच दम लागला तर मागच्यांना थांबवून परत फिरणं अवघड, म्हणून पाठीवर जड सॅक नको. हवा वाईट असली की घुमट बंद ठेवतात.

वेळही बघा. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला खाली असतो, थेट लेन्समध्ये घुसतो आणि शहर धुरकट येतं. उन्हाळ्यात संध्याकाळी तो वायव्येला, म्हणजे तुमच्या पाठीमागे उजवीकडे. तेव्हा छपरं उजळून निघतात. आमचं मत विचाराल तर हीच वेळ.

प्रश्न : इतक्या वर्षांत चर्च काळं कसं पडलं नाही?

उत्तर : करामत दगडाची. १८७५ ते १९१४ या काळात बांधलेल्या या चर्चचा चुनखडीचा दगड सेन-ए-मार्न भागातला. पाऊस पडला की त्यातून कॅल्साइट (चुन्याचं पांढरं खनिज) पाझरतं आणि पृष्ठभाग पांढरा राहतो. जिथे पाऊस पोचत नाही, त्या कमानींखालच्या कोपऱ्यांत काळपटपणा दिसेल.

प्रश्न : आत काय पाळावं?

उत्तर : १८८५पासून इथे रात्रंदिवस अखंड प्रार्थना चालते, त्यामुळे बोलणं नाही, फोटो नाही. मोठ्या बॅगा आत घेत नाहीत.

प्रश्न : टेकडीच्या पायथ्याशी हातात धागा बांधणारे भेटतात म्हणे?

उत्तर : भेटतात. 'मैत्रीचा धागा' म्हणत बोटात अडकवतात, विणायला लागतात आणि मग पैसे मागतात. धागा अडकला की हात सोडवणं कठीण, म्हणून हात आधीच खिशात. 'नों, मेर्सी' (नको, धन्यवाद) म्हणा आणि न थांबता चालत राहा.