मधपेटीबाहेर माश्यांची दाढी लटकतेय, वसाहत पळणार का?

गोराईच्या एका काकांनी विचारलंय. चिकू-नारळाची छोटी वाडी, कुंपणाला दोन जांभळं, सातेरी या पाळीव देशी मधमाश्यांच्या दोन पेट्या. फेब्रुवारी संपत आला तसा एका पेटीच्या दाराबाहेर संध्याकाळी माश्यांचा घोस लटकायला लागला आणि पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं काहीतरी आलंय, ते कापू का? शिवाय शेजारी आंब्यावर तुडतुड्यांसाठी फवारणार आहे, त्याचं काय?

काका, सुरी आधी खाली ठेवा. दाढी नुसत्या उकाड्यानेपण येते, पहाटे गार झाल्यावर माश्या आत गेल्या तर पेटीला सावली करा, वर ओलं गोणपाट टाका, झालं. पण शेंग दिसतेय म्हणजे ते राणीघर, आत नवी राणी वाढतेय, वसाहत फुटायच्या तयारीत आहे. (नराची घरं वेगळी, टोपी फुगीर आणि मधोमध बारीक भोक, ती बघून घाबरू नका.) नोकरीच्या सुरुवातीला मीपण असल्या शेंगा सगळ्या कापल्या होत्या, जुनी राणी आधीच थवा घेऊन गेलेली ते बघितलंच नाही, महिन्या-दीड महिन्यात पेटीत नुसता मेणकिडा उरला.

म्हणून सकाळी ऊन पाठीवर घेऊन पोळ्याची चौकट तिरकी धरा आणि घरांच्या तळाशी अंडी शोधा. अंडं 3 दिवसांत फुटतं, तेव्हा तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरी अंडी दिसली म्हणजे राणी दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी आत होती. राणी सापडली की तिला पिलाव्याच्या (अंडी-अळ्या असलेल्या) आणि मधाच्या मिळून तीन चौकटींसकट नव्या पेटीत हलवा, वरून अजून एका चौकटीवरच्या माश्या झटका, कारण उडणाऱ्या माश्या जुन्या जागीच परत जाणार. त्या पेटीचं दार बारीक करा, आठवडाभर साखरपाणी द्या. जुन्या पेटीत एक-दोन चांगली राणीघरं ठेवा, बाकीची आता कापा. शेंगेचं टोक तपकिरी झालं की राणी एक-दोन दिवसांत बाहेर. मग दोन आठवडे पेटी हलवायची नाही, सारखी उघडायचीपण नाही, नवी राणी मिलनाला उडते आणि परतताना जागा बदललेली असली तर चुकते.

फवारणीचं शेजाऱ्याशी आजच बोला. मोहोर फुललेला असताना फवारूच नका असं सांगा, ऐकलं नाहीच तर निदान माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारायला सांगा, आणि तुम्ही रात्री दाराला जाळी लावा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मात्र काढा, आपल्या उकाड्यात माश्या आत कोंडून मरतात.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या सगळेच ठेवतात, पण मुंबईत त्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग महापालिकेची माणसं दारात, त्यापेक्षा जुनं इंजिन ऑइल घाला. माश्यांना प्यायला वेगळी परात, त्यात खडे, पाणी रोज बदला.

मधाची घाई नको. मार्च-एप्रिलात जांभूळ फुलेल, मधकक्षातल्या (पेटीचा मध साठवायचा वरचा मजला) चौकटी तीन-चतुर्थांश मेणाने बंद झाल्या की त्याच काढा, उघड्या घरातला मध पातळ असतो, बाटलीत आंबतो. पिलाव्याच्या चौकटीतला मध माश्यांचा, पावसाळ्यात तोच लागेल.