मेंदूतली गाठ स्टेरॉइड हार्मोन्सचं काय करते? डेक्सामेथासोनमुळे ती वाढते का?

डेक्सामेथासोन म्हणजे डेक्सा, मेंदूची सूज उतरवायला देतात ते स्टेरॉइड. त्याने गाठ वाढते, असं माझे भाऊजीही म्हणायचे. भोगलं ते ताईने, म्हणून लिहायला बसले.

ताईला मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ, निघाला. ऑपरेशनची तारीख लांबली आणि पाच आठवडे डेक्सामेथासोन चालू राहिलं. डोकेदुखी दोन दिवसांत उतरली. पण चेहरा सुजला, साखर चढली, रात्रभर डोळा लागेना, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर उरला नाही. भाऊजींनी कुठेतरी वाचलं की ही गाठ हार्मोनवर पोसते. स्टेरॉइडही हार्मोनच, म्हणून त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या. मी फोनवर खूप भांडले. तिसऱ्या दिवशी ताईला उलट्या सुरू झाल्या, बीपी पार खाली गेलं, डोकं पुन्हा फुटायला लागलं. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीराचं आपलं स्टेरॉइड) बनवणं जवळजवळ सोडून देतात आणि गोळी थांबली म्हणून लगेच कामाला लागत नाहीत. कॅज्युअल्टीत शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधातलं कॉर्टिसॉल, गेलं तेव्हा ती सावरली. ती रात्र मी विसरणार नाही.

डेक्सा मेनिंजिओमाला पोसत नाही. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या झिरपतात, मेंदूला सूज येते. डेक्सा ते झिरपणं कमी करतं. 1961 पासून ते याच कामासाठी वापरतात. मेंदूतल्या लिम्फोमाची (पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरची) गोष्ट उलटी: त्याच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, म्हणून बायोप्सीआधी शक्यतो देत नाहीत, नाहीतर काढलेल्या तुकड्यात निदानच सापडत नाही. ग्लायोमा ही मेंदूच्या आधारपेशींची गाठ. तिच्या काही पेशींत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, त्या टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन हार्मोन) बनवू शकतात. निरोगी मेंदूही कोलेस्टेरॉलपासून स्वतःची स्टेरॉइड्स घडवतोच.

हार्मोनवर पोसते हे मात्र भाऊजींनी बरोबर वाचलं होतं, फक्त ते हार्मोन वेगळं. बहुतेक मेनिंजिओमांत प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, सापडतात. ही गाठ बायकांत पुरुषांच्या दुपटीने आढळते, गरोदरपणात कधी कधी वाढते. 2024 मध्ये फ्रान्समधला मोठा अभ्यास आला: मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं) गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेतलेल्या बायकांत ऑपरेशन करावं लागणाऱ्या मेनिंजिओमाचा धोका साडेपाच पट. ताईने तेच इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, सात वर्षं घेतलं होतं. थांबवायचं होतं ते हे! गाठ कळल्यावरही त्याबद्दल कुणी विचारलं नाही. भाऊजींनी नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

हे वाचून कुणी घाबरून गर्भनिरोधक सोडू नका. मुळात ही गाठ क्वचित होते, त्यामुळे साडेपाच पट झाली तरी प्रत्यक्ष धोका लहानच. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणाऱ्या, कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायच्या साधनात वाढीव धोका दिसला नाही. प्रोजेस्टेरॉन अडवणारं मिफेप्रिस्टोन देऊन गाठ आटोक्यात येते का, तेही तपासून झालंय. मोठ्या चाचणीत फायदा झाला नाही. मी डॉक्टर नाही, तुमची गाठ कुठली हे मला माहीत नाही.

पण डेक्सा चालू असेल तर ते कसं कमी करत आणायचं, कुठल्या तारखेला किती मिलिग्रॅम, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. आमच्याकडे असा कागद नव्हता. भाऊजी अजून म्हणतात, मी तिच्या भल्यासाठीच केलं. भल्यासाठीच केलं असेल. पण गोळ्या थांबवण्याआधी डॉक्टरांना एक फोन करायला हवा होता.