‘थँक यू’ पान म्हणजे विक्री नव्हे

ऑनलाइन दुकानाच्या ॲनालिटिक्स अहवालातल्या ऑर्डरी आणि बँकेतले पैसे जुळत नाहीत, अशी पत्रं सारखी येतात. म्हणून यावेळी सगळी उत्तरं एकदम.

साइटवर युनिव्हर्सल ॲनालिटिक्सचा (साइटवरची ये-जा मोजणारं गूगलचं आधीचं साधन) जुना कोड आहे. ठेवू का?

काढा. साध्या खात्यांत १ जुलै २०२३ पासून त्यात नवा डेटा येत नाही.

होमपेजवरच्या आमच्याच बॅनरच्या लिंकला यूटीएम (ग्राहक कुठून आला ते सांगणारी लिंकमधली खूण) लावू का?

नको. इन्स्टाग्रामवरून आलेल्या ग्राहकाच्या खरेदीचं श्रेय तुमच्याच बॅनरला जाऊ शकतं. यूटीएम बाहेरच्या लिंकांसाठी असतं.

आम्ही आंब्याच्या पेट्या विकतो. एजन्सी ४१ ऑर्डरी दाखवते, आमच्या वहीत २९ आहेत. खरं कोण?

वही. एजन्सीने बहुतेक पैसे भरल्यावर दिसणारं ‘थँक यू’ पान उघडलं की एक ऑर्डर, असा टॅग (मोजणीचा छोटा कोड) लावला आहे. ग्राहक काय करतो ते बघा. पैसे भरतो, टॅब तशीच ठेवतो, संध्याकाळी ऑर्डर नंबर बघायला मोबाइल उघडतो, पान पुन्हा लोड होतं आणि आकडा वाढतो. उलटंही घडतं: यूपीआय ॲपमध्ये पैसे भरून तो ब्राउझरमध्ये परततच नाही, मग खरी ऑर्डर मोजलीच जात नाही. ‘थोडा फरक असतोच’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, त्याच आकड्यावर तुमचं जाहिरातीचं बजेट ठरतं. ‘पर्चेस’ इव्हेंट (खरेदी झाल्याची नोंद) लावून त्यात प्रत्येक ऑर्डरचा ट्रान्झॅक्शन आयडी पाठवायला सांगा. तोच आयडी पुन्हा आला तर गूगल ॲनालिटिक्स ४ (सध्याची आवृत्ती) ती खरेदी दुसऱ्यांदा धरत नाही. पेमेंट गेटवेचं (पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं) डोमेन नको असलेल्या रेफरलच्या, म्हणजे ग्राहक पाठवणाऱ्या साइटच्या, यादीत टाका, नाहीतर विक्रीचं श्रेय गेटवेला जातं. टॅग मॅनेजर (सगळे टॅग जिथून लावतात ते गूगलचं खातं) तुमच्या नावावर आहे ना, तेही तपासा. न परतणाऱ्या ग्राहकांची नोंद सर्व्हरवरून करता येते, पण ती डेव्हलपरला साइट दाखवूनच ठरवा.

फॉर्ममधला मोबाइल नंबर ॲनालिटिक्सला पाठवू का? सगळे पाठवतात म्हणे.

अजिबात नाही. गूगलच्या अटींत मनाई आहे. पुष्कळदा नंबर नकळत पानाच्या पत्त्यातून जातो, तेही बघा. वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या कायद्याबद्दल वकिलाला विचारा.

सीझन संपल्यावर टॅग लावले तर?

मागचा डेटा मिळणार नाही. आजच लावून घ्या, आणि ॲनालिटिक्समध्ये डेटा ठेवण्याची मुदत २ महिन्यांवर असेल तर १४ करा.