रंगीत कॉपियर : विकत, जुना की भाड्याने?

प्रश्न : नाशिकला आम्हा पती-पत्नीचं इंटिरिअर डिझाइनचं ऑफिस आहे, चार माणसं. महिन्याला साधारण ८०० ए-४ आणि १५० ए-३ रंगीत प्रिंट लागतात. त्या बाहेरून ए-४ ला १० आणि ए-३ ला २५ रुपये दराने काढतो. काळ्या प्रिंटसाठी छोटा लेझर आहे. तीन कोटेशनं आली आहेत. नवा ए-३ कलर कॉपियर १,९०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. त्यासाठी २ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी, ३ वर्षांसाठी मिळतंय. जुना, दुरुस्त केलेला मोठा कॉपियर ८०,००० रुपये. किंवा भाडं महिना ४,५०० रुपये, शिवाय रंगीत ए-४ च्या प्रत्येक प्रिंटला ४ रुपये, टोनर त्यांचा, करार ३ वर्षांचा. नव्या मशीनवर रंगीत पान साडेतीन रुपयांत पडतं असं डीलर म्हणतो. काय करावं?

उत्तर : आधी तो साडेतीन रुपयांचा आकडा तपासू, कारण तुमचा निर्णय त्यावरच उभा आहे. काळा टोनर ६,००० रुपयांचा, १२,००० पानांचा, म्हणजे पानामागे ५० पैसे. निळा, गुलाबी आणि पिवळा प्रत्येकी ८,००० रुपयांचा, ८,००० पानांचा, म्हणजे तिघांचे मिळून ३ रुपये. हिशेब बरोबर आहे. पण डब्यावरची ही पानसंख्या प्रत्येक रंगाने ए-४ पानाचा फक्त ५ टक्के भाग भरतो असं धरून काढलेली असते. वर लोगो आणि खाली चार ओळी असलेलं पत्र इतकंच भरतं. तुम्ही ग्राहकाला दाखवता ती खोलीची थ्रीडी चित्रं असतात, कडेपासून कडेपर्यंत रंगलेली. तिथे प्रत्येक रंगाचं कव्हरेज सहज १५ टक्के जातं आणि तेच पान १० रुपये ५० पैशांना पडतं. ए-३ चं क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून तिथे २१ रुपये, तेही कागद सोडून.

तुमच्या ८०० पानांतली निम्मी अशी भरगच्च आणि निम्मी साधी धरली, ए-३ सगळी भरगच्च धरली, तर टोनरचा खर्च होतो १,४०० अधिक ४,२०० अधिक ३,१५०, म्हणजे महिन्याला ८,७५० रुपये. कागद चांगल्या जाडीचा घेतला तर आणखी १,१०० च्या आसपास. आज बाहेर तुम्ही ११,७५० देता. म्हणजे मशीन फुकट मिळालं तरी वाचतात जेमतेम १,९००, आणि कर्जाचा हप्ता आहे ६,८३६. पाच वर्षांनी मशीनचे ३०,००० आले असं धरून, सुमारे ४६,००० चं व्याज आणि वर्षाला १२,००० ची एएमसी (वार्षिक देखभाल करार) मिळवली, तर जीएसटी न धरताही मशीनचाच खर्च महिना ४,४०० वर जातो. सगळं मिळून सव्वाचौदा हजार. या कामासाठी नवं मशीन कर्ज काढून घेऊ नका. हेच ऑफिस पत्रं आणि कोटेशनं छापणारं असतं, तर एकूण खर्च ९,४०० च्या आत बसला असता आणि मी उलट सांगितलं असतं.

‘कर वाचेल’ हे डीलरचं वाक्यही तपासून घ्या. इंटिरिअर डेकोरेशन हा व्यवसाय अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत बसतो. तुम्ही जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवत असाल, तर घसारा, भाडं, टोनर सगळं त्या उरलेल्या ५० टक्क्यांत आधीच धरलेलं असतं. मशीन घेतल्याने एक रुपयाही कर कमी होणार नाही. नियमित हिशेब ठेवत असाल तर कॉपियरवर साधारण १५ टक्के घसारा मिळतो, आणि ज्या वर्षी घेतलं त्या वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. संगणकाला जोडलेला प्रिंटर म्हणून ४० टक्क्यांचा दावा करता येईल का, ते सीएला विचारा. जीएसटीचं तसंच. नियमित नोंदणी असेल तर मशीनवर भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत) असाल किंवा नोंदणीच नसेल, तर तो १८ टक्के तुमचा खर्च धरा.

आता भाडं. ४,५०० अधिक ए-४ चे ३,२०० अधिक ए-३ चे १,२०० (क्लिक म्हणजे मीटरवर मोजलेली एक प्रिंट; ए-३ ला ते जवळजवळ नेहमी दोन क्लिक मोजतात) अधिक कागद, असे १०,००० होतात. ऑफिसमधला मुलगा प्रिंटसाठी महिन्यात वीसेक वेळा दुकानात जातो, दर वेळी ४० मिनिटं मोडतात असं धरलं, तर १८,००० पगाराच्या हिशेबाने तेही सुमारे १,२०० रुपये आहेत. म्हणजे एकूण फायदा तीन हजारांच्या जवळ. वजावट मिळत नसेल तर जीएसटीचे १,६०० यातून वजा होतील.

पण भाड्याचा खरा फायदा दुसरा आहे. पान कितीही रंगलेलं असो, टोनरचा भार त्यांच्यावर, आणि तुमच्यासारख्या ऑफिसला नेमकं हेच हवं. म्हणून करारात ‘कव्हरेज अमुक टक्क्यांपर्यंत, त्यापुढे जादा आकार’ असं कलम आहे का ते आधी शोधा. ते असेल आणि काढत नसतील, तर हा सौदा सोडा, कारण वरचं सगळं गणित कोसळतं. भरगच्च पानाला ४ रुपयांत टोनर देणं त्यांना कंपनीच्या मूळ टोनरवर परवडणार नाही. म्हणून ते कुठला टोनर घालणार तेही विचारा, आणि तुमचीच दहा चित्रं छापून रंग पाहा.

किमान किती क्लिकचं बिल येणारच, दरवर्षी दर किती वाढणार, कागद अडकून वाया गेलेली पानं वजा होतात का, बिघाडानंतर किती तासांत माणूस येणार, टोनरचा एक जादा संच ऑफिसात ठेवणार का, हे सगळं लेखी हवं. उंदराने वायर कुरतडली तर खर्च कोणाचा, तेही विचारा. हा वाद फार ठिकाणी होतो. मुदत १२ महिन्यांची किंवा दोन महिन्यांच्या नोटिशीने बाहेर पडता येईल अशी मागा. भाडं पाचशेने वाढलं तरी चालेल.

मशीन आल्यावर क्लिक वाया जातात ते कॅडच्या ड्रॉइंगमध्ये. थर वेगवेगळ्या रंगांत काढलेले असतात आणि एक निळी रेघ असली तरी मीटर पूर्ण रंगीत क्लिक मोजतो, म्हणजे ए-३ ला ८ रुपये. प्लॉट स्टाइल ‘मोनोक्रोम’ ठेवा, प्रत्येक संगणकावर प्रिंटरची मूळ सेटिंग काळी-पांढरी करा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला काउंटरच्या पानाचा फोटो काढून ठेवा.

जुनं मशीन कागदावर सगळ्यांत स्वस्त दिसतं. मोठ्या मशीनचा टोनर स्वस्त पडतो. साध्या रंगीत पानाला १ रुपया ८० पैसे धरले आणि मशीनची किंमत वापराच्या वर्षांवर वाटली, तर टोनर, कागद सगळं मिळून महिना साडेसात हजार. पण यात दुरुस्ती शून्य धरली आहे. भाड्याशी तुलना केली तर दुरुस्तीला वर्षाकाठी ३०,००० हून थोडे कमीच उरतात. चार ड्रम, ट्रान्सफर बेल्ट आणि फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) यांपैकी दोन गोष्टी एका वर्षात गेल्या तर ते संपतात. एकूण काउंटर किती, हे भाग कधी बदलले, नव्याची किंमत आणि आयुष्य किती पानं, हे लिहून मिळालं आणि मेकॅनिक गावातच असेल तरच विचार करा. सीरियल नंबर असलेलं जीएसटी बिल घ्या, कारण जुन्या कॉपियरच्या आयातीवर निर्बंध आहेत. आतली हार्डडिस्क समोर पुसून घ्या. फ्यूजर तापताना मोठा विद्युतप्रवाह ओढतो, त्यामुळे संगणकाच्या छोट्या यूपीएसवर कुठलाही लेझर कॉपियर लावू नका. अर्थिंग तपासलेला स्वतंत्र पॉइंट हवा. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतो, म्हणून रीम बंद डब्यात ठेवा.

तुमच्या कोटेशनांत नसलेला चौथा पर्याय : ए-३ इंक टँक मल्टिफंक्शन मशीन. ते या लेझरच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं, भरगच्च पानाला शाईचा खर्च टोनरच्या मानाने बराच कमी येतो, आणि मॅट कागदावर थ्रीडी चित्रं लेझरपेक्षा चांगली उठतात. मात्र वेग कमी. आठ-दहा दिवस बंद राहिलं तर नोझल तुंबू शकतं आणि हेड साफ करण्यात शाई जाते. साध्या कागदावर भरगच्च छापलं तर पान ओलसर होऊन वाकतं. रोज चाळीसेक रंगीत पानं निघतात, त्यामुळे तुंबण्याची भीती तुम्हाला कमी आहे.

या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या ५० पानांच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. भाड्याने देणाऱ्याकडच्या कलर मशीनवर छापा आणि वापराचा अहवाल काढायला सांगा. बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक रंगाचं सरासरी कव्हरेज त्यात येतं. त्याच फायली इंक टँकवर चालवा आणि शाईचा हिशेब मागा. कव्हरेज ८ टक्क्यांच्या वर निघालं, तर कव्हरेजचं कलम नसलेला भाडेकरार किंवा इंक टँक यांतून निवडा. ५ च्या जवळ निघालं, तर नव्या मशीनचं कोटेशन पुन्हा बाहेर काढा आणि किमतीत टोनरचा पहिला पूर्ण संच मागा. सोबत येणारे डबे बहुतेक वेळा अर्धवट भरलेले असतात.