कॅम्पिंगसाठी लाकडावरचा छोटा स्टोव्ह कोणता घ्यावा, आणि तो तंबूत चालतो का?

तंबूत चालत नाही. एवढं आधी वाचा, बाकीचं सावकाश.

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात नागपूरहून तिघं-चौघं बाहेर मुक्कामाला जायचं आहे, तीन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, आणि "रात्री थंडी वाजली तर निखारे झाल्यावर स्टोव्ह आत घेऊ, तेव्हा धूर नसतो." हे शेवटचं वाक्य वाचून माझं जेवण अर्धवट राहिलं. शब्दन् शब्द हेच वाक्य मी माझ्या साडभाऊंच्या तोंडून ऐकलंय, आणि त्याची बदनामी आजपर्यंत माझं मटण सोसतंय.

माझं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं लहानसं काम आहे, त्यामुळे पत्र्याचं बोलायचा मला हक्क आहे. मटणाचं बोलायचा हक्क तर जन्मापासूनचा.

२०१८ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नागपूरकरांना ती थंडी आठवत असेल, २९ तारखेला पहाटे पारा ३.५ वर उतरला होता. आम्ही आदल्या संध्याकाळी रामटेकजवळ, खिंडसी तलावाच्या बाजूला, सासरच्या नात्यातल्या एकांच्या शेतात मुक्कामी. दोन तंबू. एकात मी, बायको, मुलगी. दुसऱ्यात साडभाऊ, मेव्हणी आणि त्यांचा नववीतला पोरगा. सासूबाई शेतावरच्या खोलीत.

साडभाऊंनी ऑनलाइन मागवलेला स्टोव्ह आणला होता. स्टीलचा, चकचकीत, तांब्याएवढा. मी जरा हसलो, खोटं कशाला बोलू. पण त्यावर चहा झाला आणि चांगला झाला. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, तुकडे टाकले, दहाएक मिनिटांत सहा कप पाणी उकळलं, धूर जवळपास नाहीच. मी तो उचलून, वाजवून पाहिला. दुहेरी भिंत. खालच्या भोकांतून हवा आत शिरते, थोडी जाळाला मिळते आणि थोडी दोन भिंतींमधून तापत वर चढून वरच्या भोकांतून आत येते. जो धूर एरवी डोळ्यांत जातो तो तिथं जळून जातो. वरच्या भोकांतून ज्योती आत फेकल्यासारख्या दिसतात, गॅसच्या बर्नरसारख्या. कारागिरी चांगली होती, मान्य.

पण त्यावर मटण होत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी काडी सारावी लागते, दीड तास कोण बसणार? सावजी रस्सा मी तीन विटा मांडून बाभळीच्या लाकडांवर केला. जवसाचं तेल, मसाला घरी भाजून वाटलेला, वर बोटभर तर्री. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. सगळ्यांनी म्हणजे मेव्हणी सोडून. त्यांचा मार्गशीर्ष होता, त्यांनी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रात्री अकराला थंडी हाडांत शिरली. साडभाऊ म्हणाले, "भाऊजी, हा स्टोव्ह आत घेतो, निखारेच तर आहेत." मी म्हटलं, "कायले घेता, ब्लँकेट घ्या ना." तर म्हणे, "आमच्या आजीनं जिंदगीभर घरात चूल पेटवली, कोणी मेलं का?" झालं. आजी मधे आली की वाद संपतो. स्टोव्ह विटेवर ठेवून आत गेला, चेन वरपासून खालपर्यंत बंद.

पहाटे चारच्या सुमारास पोरगा बाहेर येऊन ओकायला लागला. मागोमाग मेव्हणी, डोकं धरून. साडभाऊ उभे राहिले आणि तिथंच बसले, म्हणे पायात जीवच नाही. उघड्यावर बसवलं, तासाभरात जरा बरं वाटलं. सकाळी रामटेकात एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, रात्री काय खाल्लं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. सासूबाई म्हणाल्या, "तिखट जास्तच होतं." तेव्हापासून घरात लग्न असो की बारसं, मी कढईजवळ गेलो की कोणीतरी म्हणतंच, "भाऊजींच्या हातचं आहे का? मग गोळ्या आणा."

आता हिशेब करू. मटण सातपैकी सहा जणांनी खाल्लं. आजारी तिघं पडली, आणि तिघंही एकाच तंबूतली. माझ्या तंबूतलं कोणी नाही. खोलीतल्या सासूबाईंनी दोनदा रस्सा घेतला होता, त्यांना काही नाही. आणि सगळ्यात जास्त डोकं दुखलं ते मेव्हणीचं, जिनं मटणाला हात लावला नव्हता. मटण दोषी कसं?

दोषी कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो, म्हणून माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, हातापायांतलं बळ जाणं. अन्न बाधल्यासारखंच दिसतं सगळं. आणि हा वायू जाळ जोरात असताना कमी, निखारे हवेवाचून धुमसताना भरपूर होतो. म्हणजे धूर थांबला की माणूस निर्धास्त होतो आणि नेमका तेव्हाच स्टोव्ह आत घेतो. झोपेत असला तर मळमळही कळत नाही, माणूस उठतच नाही. त्या रात्री पोराला ओकारी झाली म्हणून सगळे जागे झाले.

राहिली आजीची चूल. आजीच्या घराला कौलं होती, कौलांत फटी होत्या, भिंती आढ्यापर्यंत पोचत नव्हत्या. तरी ती जन्मभर खोकत होती, ते कोणी सांगत नाही. नायलॉनचा तंबू दंव पडल्यावर पिशवीसारखा बंद होतो. थोडी चेन उघडी ठेवून चालेल का, हेही विचारू नका. तंबूच्या पुढच्या पडवीतही नको, तो कपडा एका ठिणगीचा आहे.

बरं, स्टोव्ह. दुहेरी भिंतीचाच घ्या. चार पत्रे अडकवून उभी करायची घडीची शेगडी हलकी आणि स्वस्त असते, पण धूर करते आणि वाऱ्यात जळणाचा फडशा पाडते. एकट्याला ठीक. स्टील ३०४ असेल तर बरं, पातळ २०२ दोन हंगामांत वाकतं आणि गंजतं. वर भांडं ठेवायचे दांडे पहा. भांडं आणि तोंड यांत दोन बोटं तरी जागा हवी, नाहीतर ज्योत गुदमरते आणि मग धूर. घरी पत्र्याच्या डब्याचा करणार असाल तर करा, पण जस्ताचा म्हणजे जीआय पत्रा अजिबात नको. तापला की पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डिंगवाल्या कुठल्याही पोराला विचारा.

जळण विकत घेऊ नका. आपल्याकडे पऱ्हाट्यांइतकं चांगलं काही नाही, बोटाएवढ्या जाडीच्या, कट्कन मोडणाऱ्या. वाकली तर ओली आहे, टाकू नका. तुराट्या पेटवायला मस्त, पण भुर्रकन संपतात. आख्खा बांबू फुटतो, आधी चिरा. कण्हेर विषारी आहे, तिची काडीही नको. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, हेही नको. स्टोव्ह वरच्या भोकांच्या खालपर्यंत भरा आणि वरून पेटवा, खालून नाही. आपल्याला चुलीची सवय असते म्हणून सगळे इथंच चुकतात. बूड तापतं, खाली वीट किंवा फरशी ठेवा.

पऱ्हाटीवर फवारणी झालेली असते, म्हणून त्यावर थेट काही भाजू नका, भांड्यातच शिजवा. आणि हे सगळं कोणाच्या तरी शेतात, विचारून. राखीव जंगलात विस्तव करणं १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, तेव्हा पेंचच्या बाजूला काडेपेटी खिशातच राहू द्या. निघताना राख पाण्यानं भिजवून हातानं चाचपून पहा.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. त्या लहान स्टोव्हमधल्या पऱ्हाट्यांचे निखारे पंधरा-वीस मिनिटांत विझून जातात. ते तेवढेच असते तर कदाचित डोकंसुद्धा दुखलं नसतं. साडभाऊंना रात्रभर धग हवी होती, म्हणून त्यांनी माझ्या चुलीतले बाभळीचे निखारे मागितले. चिमट्यानं काठोकाठ भरून मीच दिले. ब्लँकेट घ्या म्हटलं होतं, पण दिले.

म्हणून गेल्या दिवाळीत साडभाऊंना हे सगळं बसवून समजावलं, निखाऱ्यांसकट. ते बराच वेळ गप्प होते, मग स्टोव्ह आणून माझ्या हातात दिला. मेव्हणीला पटलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते असंल, पण तिखट होतंच."