वाचकांचे प्रश्न : दाखल करायचे, पण कुठे आणि कोणासोबत?

या अंकासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे व्यसनमुक्तीच्या निवासी उपचारांविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये यासाठी नावे आणि काही तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आखाजीला माहेरी आली, ती परत सासरी गेलेली नाही. तिला पाचवा महिना चालू आहे. जावई रोज पितात आणि दोन वर्षांपासून तीही त्यांच्यासोबत घेऊ लागली, हे आम्हाला आता कळले. सकाळी तिचे हात इतके थरथरतात की चहाचा कप धरवत नाही. शेजारचे एक जण म्हणाले, चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, आपोआप उतरेल. दुसऱ्या एकाने भाजीत कालवण्यासाठी पावडरची पुडी आणून दिली आहे, ती मी अजून दिलेली नाही. तिला केंद्रात ठेवावे असे वाटते, पण ‘लोके काय म्हनतीन’ या धास्तीने यांची हिंमत होत नाही. (चोपडा तालुका)

उत्तर : ताई, पुडी दिली नाहीत हे फार चांगले झाले. ती आता फेकून द्या. अशा पुड्यांत नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असू शकते, आणि ते पोटात असताना दारू घेतली गेली तर उलट्या, धाप आणि रक्तदाब एकदम उतरणे असे प्रकार होतात. गरोदर स्त्रीला हे औषध डॉक्टरही देत नाहीत. मग तिला न सांगता भाजीतून देण्याचा विचारही नको.

कोंडून ठेवण्याचा सल्ला तर त्याहून घातक आहे. सकाळी हात थरथरणे याचा अर्थ शरीर आता दारूवर अवलंबून राहिले आहे. अशा व्यक्तीची दारू घरच्या घरी एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत आकडीचे झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, असंबद्ध बडबड अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते, ज्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. म्हणून ती पीत राहिली तरी चालेल, असा अर्थ मात्र कृपया काढू नका. गरोदरपणात दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही, आणि कोणत्याही महिन्यात दारू थांबली तरी बाळाला त्याचा लाभच होतो. दारू थांबवायची आहे आणि लगेच थांबवायची आहे. फक्त ती रुग्णालयात, देखरेखीखाली थांबली पाहिजे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत आधी रुग्णालय आणि मग केंद्र, हा क्रम सोडू नका. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार आणि स्त्रीरोग असे दोन्ही विभाग आहेत. त्या दोघांनी मिळून तिला तपासावे असा आग्रह धरा. दारू उतरवण्याचे उपचार साधारण आठवडा-दहा दिवस चालतात. त्यात बेताच्या मात्रेत औषधे देऊन ती हळूहळू कमी केली जातात, बी-१ जीवनसत्त्व दिले जाते आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवले जाते. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास करतात, म्हणजे तिचीही वेळ आताच आहे. जाण्यापूर्वी एका कागदावर मुलीकडूनच लिहून घ्या : रोज किती क्वार्टर, देशी की विदेशी, शेवटचा घोट कोणत्या दिवशी आणि किती वाजता, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या घेते का, तंबाखू किंवा मशेरी आहे का. केसपेपर काढताना सासूसमोर किंवा भावासमोर विचारले की बायका ‘कधीतरी थोडी’ असे सांगतात, आणि त्या ‘थोडी’वर मात्रा ठरली तर औषध कमी पडते.

केंद्राचा विचार त्यानंतर करावा. आपल्याकडच्या बहुतेक निवासी केंद्रांची घडी प्रौढ पुरुषांसाठी बसवलेली असते : एक मोठा हॉल, सकाळचा व्यायाम, सामूहिक सत्रे, सगळ्यांना एकच वेळापत्रक. तिथे चौकशी करताना स्त्रियांची निजण्याची सोय वेगळी आहे का, रात्री स्त्री कर्मचारी असते का, मध्यरात्री पोटात दुखू लागले तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या गाडीने नेणार, दर महिन्याच्या तपासणीला कोण घेऊन जाणार, हे विचारा. कितवा महिना आहे हेसुद्धा न विचारता ‘घेऊन या, काही अडचण नाही’ म्हणणाऱ्या केंद्रात मी माझ्या मुलीला ठेवणार नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. गरोदरपणात दाखल करून घेतात का, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. दिवस भरत आल्यावर इतका प्रवास करणे आणि प्रसूतीचे ठिकाण बदलणे मात्र टाळलेले बरे. जवळ योग्य जागा मिळाली नाही तर दारू उतरल्यानंतर तिने माहेरीच राहावे, दर आठवड्याला मानसोपचार विभागात जावे आणि निवासी उपचार प्रसूतीनंतर घ्यावेत, हाही चांगला मार्ग आहे.

प्रसूतीनंतर दाखल करण्याची वेळ आली तर बाळाचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. बाळाच्या सुरक्षिततेसाठी तसे करणे डॉक्टरांना आवश्यक वाटले तरी ते तात्पुरते असते, आईला देखरेखीखाली बाळ भेटू द्यावे लागते आणि दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागतो. प्रसूतीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनाही आधीपासून सगळे माहीत असू द्या.

लोकांविषयी एवढेच सांगतो की, उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क याच कायद्याने तिला दिला आहे, आणि मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे हे उत्तर आपल्या खान्देशात कोणालाही पुरते. जावयांनी स्वतः उपचार सुरू केल्याशिवाय तिला सासरी धाडू नका.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, वय सोळा. चार-पाच महिन्यांपासून तो ‘कुत्ता गोळी’ घेतो; दप्तरात रिकाम्या पट्ट्या सापडल्या. मार्क घसरले, दिवसभर झोपतो, पैसे मागतो, नाही दिले तर भांडी फेकतो. एका खासगी केंद्राचे लोक म्हणतात की रात्री गाडी घेऊन येतो, चौघे जण उचलून नेऊ, सहा महिने भेटायला यायचे नाही. पैसे आगाऊ मागत आहेत. पाठवावे का? (धुळे)

उत्तर : पाठवू नका, आणि ती गाडी दारात येऊही देऊ नका.

ज्याला मुले ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती सहसा अल्प्राझोलामची गोळी असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारे चिंता आणि झोपेचे औषध. रोज घेणाऱ्याने ती एकदम सोडली तर दारूप्रमाणेच झटके येऊ शकतात. ती आठवड्या-आठवड्याने कमी करत आणावी लागते आणि हे काम मानसोपचारतज्ज्ञाचे आहे. मारून-मुटकून नेलेल्या मुलाला गोळी एका रात्रीत बंद करणारे केंद्र त्याच्या जिवाशी खेळत असते. सापडलेल्या पट्ट्या फेकू नका. त्यांवरचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा डॉक्टरांना दाखवा.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. व्यसनांशी निगडित मानसिक आजार २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी माणसे ठेवून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी असावी लागते. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्यासाठी पालकाने लेखी अर्ज करावा लागतो आणि एक मानसोपचारतज्ज्ञ व आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा किमान दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासून घरी राहून उपचार शक्य नाहीत असे ठरवावे लागते. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि दाखल असेपर्यंत पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने त्याच्याजवळ राहावे लागते. मुलीच्या बाबतीत तो पालक पुरुष असेल तर सोबतीला स्त्री हवी. साखळीने बांधणे आणि जबरदस्तीने मुंडण करणे यांवर बंदी आहे. सहा महिने भेटायचे नाही ही अट यातल्या कशातच बसत नाही. पालकाला आत येऊ न देणारे दार पाहिले की तिथूनच परत फिरावे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात मुलाला घेऊन जा. तो येत नसेल तर प्रथम तुम्ही दोघे आईवडील जा. मुलगा तयार होईपर्यंत पालकांनी कसे वागायचे, पैसे कसे बंद करायचे, भांडी उडाली तर कोणी काय बोलायचे, हे तिथे शिकायला मिळते. सोळाव्या वर्षी बहुतेक मुलांना दाखल करावे लागत नाही. ओपीडी, नियमित समुपदेशन आणि घरच्यांचा सहभाग यांवर भागते. झटके आलेले असतील, जिवाचे बरे-वाईट करण्याची भाषा असेल, एकाच वेळी अनेक पदार्थ चालू असतील किंवा घरात राहणेच असुरक्षित झाले असेल, तर मात्र दाखल करणे योग्य ठरते, आणि तेही आधी रुग्णालयात. सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री क्लिनिक’मध्ये किशोरवयीनांसाठी समुपदेशक असतात; काही मुलांना मानसोपचार विभागाच्या पाटीपेक्षा ते दार सोपे वाटते.

पोलिसांची भीती असेल तर हे लक्षात घ्या : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४ अ हे, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारी किंवा सेवन करणारी व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण देते. याउलट, मुलाला वैद्यकीय सल्ल्याशिवाय अमली पदार्थ देणाऱ्या माणसाला बाल न्याय कायदा, २०१५ यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोळ्या एखाद्या मेडिकलवरून मिळत असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. मुलाकडून दुकानाचे नाव मारून वदवून घेण्याचा प्रयत्न मात्र करू नका, कारण त्या दिवसापासून तो तुमच्याशी बोलणार नाही.

प्रश्न : मी मालवाहू गाडी चालवतो. पत्नी वारली, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. दारू सुटावी असे मला मनापासून वाटते, पण महिनाभर दाखल झालो तर मुलांचे कोण करील? आणि सासरची मंडळी हेच कारण दाखवून मुले घेऊन जातील, अशी भीती वाटते. (अमळनेर)

उत्तर : भाऊ, केवळ उपचारांसाठी दाखल झाल्याने मुलांचा ताबा आपोआप कोणाकडे जात नाही. न्यायालयापुढे प्रश्न गेलाच तर ते मुलांचे हित पाहते, आणि उपचार घेतल्याचे कागद दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नोंदीपेक्षा तुमच्या बाजूने कितीतरी अधिक बोलतील. आजपासून पिऊन स्टिअरिंगला हात लावू नका, आणि थरथर किंवा घाम असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

मुलांची सोय दाखल होण्याच्या आधी करावी, नंतर नव्हे. ज्यांची भीती वाटते त्या सासरच्यांशीच आधी बोलून पाहा, असे मी सुचवीन. आजी-आजोबांना महिन्याभरासाठी आपण होऊन विनंती केली तर पुष्कळदा संशय निवळतो. तारखा, शाळेतून कोण आणणार, आजारपणात सही कोणाची, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. शक्यतो मुलांची शाळा बदलू नये. नातलग कोणीच नसेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन बालसंगोपन योजनेची आणि बालकल्याण समितीची मदत मागा. १०९८ या क्रमांकावरूनही मार्गदर्शन मिळते. केंद्र निवडताना ते जवळचे निवडा आणि मुलांना भेटू देतात का, हे विचारा. केंद्र सरकारच्या अनुदानावरील केंद्रांत उपचार मोफत असतात. आपल्या जिल्ह्यातले असे केंद्र कुठे आहे ते १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येते. मुलांना ‘पप्पा गाडी घेऊन लांब गेले’ असे सांगू नका. नऊ वर्षांच्या मुलीला बाटली माहीत असते. ‘मला दारूचा आजार आहे, तो बरा करायला दवाखान्यात जातो, अमुक रविवारी भेटू’ असे तिला समजेल अशा शब्दांत सांगा आणि तो रविवार पाळा. बाहेर आल्यावर पहिले काही महिने मुक्कामाच्या फेऱ्या घेऊ नका. ढाब्यावरची रात्र तुमच्यासाठी घरापेक्षा अवघड आहे.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडे गरोदर बायका मशेरी लावतात आणि कार्याच्या वेळी मोहाची दारूही घेतात. त्यांना कुठे दाखल करावे? (नंदुरबार)

उत्तर : मशेरीसाठी कोणाला दाखल करावे लागत नाही. तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, बाळाचे वजन कमी भरण्याचा आणि बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, एवढे सांगून दिवसातून किती वेळा लावतात ते आधी मोजायला लावा आणि सकाळची पहिली वेळ पुढे ढकलण्यापासून सुरुवात करा. १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत क्रमांकावरूनही समुपदेशन होते. मोहाची दारू घरची, फुलांची असली तरी पोटातल्या बाळासाठी दारूच असते. देवाला धार सोडण्याचा मान राखून गरोदर बाईने स्वतः घोट घेऊ नये, हे गावातल्या जाणत्या सुईणीकडून वदवून घेतलेत तर तुमच्या फलकापेक्षा लवकर पटेल. एखादी रोज पिणारी आढळली, सकाळी हात थरथरत असतील किंवा पूर्वी झटका आलेला असेल, तर तिला घरी दारू सोडायला लावू नका. १०२ किंवा १०८ ची गाडी बोलावून नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात पाठवा आणि पावरी किंवा भिली बोलणारी एखादी बाई तिच्यासोबत द्या.